फोटोतलं कॅलेंडर

नोव्हाय, मिशिगन

कुमुदवहिनी, नमस्कार.

आमच्या लायब्ररीच्या वाचनगटात मिलिका नावाची सर्बियन बाई आहे. काल तिने तिच्या भाषेतली एक गोष्ट सांगितली. शहरातल्या भावाला वाटतं, कुळाच्या संताची मेणबत्ती गावचा लावतो. गावच्याला वाटतं, शहरातला लावतो. सगळे हसले. मला तुम्ही आठवलात.

घरी येऊन तुमचा यंदाच्या नवरात्राचा फोटो मोठा करून पाहिला. अखंड दिव्यामागचं कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं आहे, वहिनी. गेल्या वर्षीचा फोटोही हाच.

सासूबाई गेल्यावर "कुळाचार मी सांभाळते" म्हणाला होतात. कधी बंद केलंत? आमच्या गिरीशला माहीत आहे का? नवरात्राचा विषय निघाला की तुमचे हे दीर हल्ली गाडी धुवायला जातात.

जाब विचारायला फोन हातात घेतला आणि लक्षात आलं. "इथेही दिवा लावते" असं मी दरवर्षी सांगते, पण तुम्ही आमचा फोटो एकदाही मागितला नाहीत.

आमचा दिवा सेलवर चालतो. स्मोक अलार्म वाजायचा म्हणून आणला. दोन वर्षं त्यातले सेलसुद्धा बदललेले नाहीत.

तुम्हाला हे आधीच कुणी सांगितलं होतं?

तुमची धाकटी जाऊ,
पद्मजा