चकचकीत बाटल्या

प्रिय कुसुमताई,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. तुम्ही गेलात, त्याबद्दल नाही. ती कुणाकडे करायची असते, ते मला अजून कळलेलं नाही. तक्रार तुमच्या मोबाइलबद्दल आहे. दुपारची जेवणं आटोपून मी जरा पाठ टेकते, डोळा लागतो न लागतो तोच त्याचा गजर ठणाणा सुरू होतो. तेवढ्यापुरता गप्प करता येतो. कायमचा बंद करायचा तर फोनचं कुलूप उघडायला हवं, ते उघडतं तुमच्या अंगठ्यानं, आणि अंगठा तुम्ही सोबत घेऊन गेलात. एका विदुषीनं जाण्यापूर्वी निदान एवढी सोय करून जाऊ नये?

पडद्यावर अक्षरं उमटतात: ‘बाटल्या हलवणे’. तुमचा भाऊ, अरुण म्हणतो, “फोनच बंद करून ठेव न.” मी ठेवत नाही. उलट चार्जिंगला लावते.

बाटल्या हलवायला हव्यात ना, ताई. पण कोणत्या? तेच सांगायला बसलेय. आज बसलेय, कारण आज वाट बघणं संपलं.

तुम्हाला आठवतं, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा धान्याच्या खोलीत कोठीमागे त्या काचेच्या बाटल्या पहिल्यांदा बघितल्या? मला वाटलं, नणंदबाई चोरून काढाबिढा करतात की काय! तुम्ही म्हणालात, “मंदा, हे विरजण आहे. दुधाचं नाही, दगडाचं.” जुन्या मँगनीजच्या खाणीतला काळा गाळ, आणि खायला तुम्ही घातलेली ती पांढरट भुकटी. तीही मँगनीजचीच. साखर नाही, पीठ नाही, ऊन नाही. एवढ्यावर कुणी जगत असेल तर बाटलीतलं पांढरं हळूहळू काळं पडत जाणार.

“आणि एक बाटली उकळून ठेवायची,” तुम्ही म्हणालात, “ती पांढरीच राहते. काळी झाली ती जिवंत, पांढरी राहिली ती मेलेली.”

“आमच्याकडे तर मेल्यावर काळे पडतात,” मी म्हणाले होते. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला.

किती सावकाश काळं पडायचं ते! दही रात्रीतून लागतं. तुमचं विरजण लागायला ऋतू बदलायचा. एक बाटली लागली की त्यातलं थोडं दुसऱ्या पांढऱ्या बाटलीत, तिच्यातलं पुढच्या. वर्षानुवर्षं. कॉलेजात प्रयोगशाळेच्या कपाटात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले म्हणून तुम्ही बाटल्या घरी आणल्या, आणि आमच्या गव्हा-डाळींशेजारी परग्रहावरच्या जीवांची तालीम सुरू झाली.

तालीम नाही तर काय? जेवताना तुमचा विषय एकच. मंगळावरच्या दगडांतही मँगनीज सापडलंय. तिथे कुणी असलंच, तर ते आपल्यासारखं पोळीभाजी खाणारं नसणार, दगड चाटून जगणारं असणार. “आपण परक्याला शोधायला जातो, मंदा, आणि सोबत आरसा घेऊन जातो,” असं तुम्ही म्हणायचात. आणि अरुण म्हणायचा, “ताई, आधी आमटी वाढ.”

मंगळाशी तुमचं जुनंच. पत्रिकेत तो नको त्या घरात बसला म्हणून यवतमाळच्या, नांदेडच्या, कुठल्याकुठल्या स्थळांनी तुम्हाला न बघताच नकार दिले. मी एकदा भीत भीत विचारलं, याचं वाईट नाही वाटत? तुम्ही बाटली उजेडाकडे धरून म्हणालात, “त्यानं माझं बघितलं. आता मी त्याचं बघते.”

ताई, परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा देता देता कुणी जातं का हो? तेही आदिलाबादच्या त्या उन्हाळ्यात, जिवंत माणसाला सावली सोडवत नाही अशा दिवसांत? पोरं म्हणाली, मॅडम खुर्चीत बसल्या, आम्हाला वाटलं डुलकी लागली. कॉपी करणारेसुद्धा आवाज न करता कॉपी करत राहिले. तुमचा एवढा मान पोरांनी कधी ठेवला नव्हता.

मी आणि अरुण दवाखान्यात धावलो. तिथून तुम्हाला घेऊन यायला दुपार टळली. घरी बोथ गावच्या काकू आधीच पोचल्या होत्या. तुमच्या सख्ख्या काकू, तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलेल्या. त्यांनी आल्या आल्या पदर खोचला आणि करायचं ते सगळं केलं. मेल्या घरचं भरलेलं पाणी ठेवायचं नाही. माठ उपडा केला, पिंप रिकामं केलं, बादल्या, कळशी, देवापुढचा तांब्या, फिल्टरमधलं पाणीसुद्धा. मग त्या धान्याच्या खोलीत गेल्या.

मी फाटकातून आत आले तेव्हा अंगणातल्या बाजेवर बाटल्या उन्हात पालथ्या घातलेल्या होत्या. सगळ्या. घासून घासून अशा लख्ख केलेल्या की बघवत नव्हतं, डोळे दिपत होते. काकू पायरीवर बसून हात चोळत होत्या. त्यांचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

“काऊन व मंदे, कायचं पानी भरून ठेवलं होतं पोरीनं? काळं कुट्ट! चिकटलं होतं, निंगेच ना. राखेनं घासलं, मंग चिंचेनं घासलं. आता पाह्य कशा चकचकीत झाल्या. तेराव्याला लोकायले पानी द्याच्या कामी येतीन.”

तुम्ही गाडीत होता, चादरीखाली. मी आधी तुम्हाला उतरवून घेतलं.

आणि ताई, कामी आल्या हो बाटल्या. तेराव्याला तुमचे प्राचार्य आले, “मॅडमनी जीवाणूंची निःस्वार्थ सेवा केली” असं भाषण केलं, आणि घसा कोरडा पडला म्हणून तुमच्याच एका बाटलीतलं पाणी गटागटा प्यायले. मी समोर उभी राहून बघत होते. एरवी या एका प्रसंगावर माझ्या विनोदी सदराचे दोन लेख निघाले असते. एक ओळही लिहिता आली नाही.

तेव्हा निदान असं तरी वाटत होतं, की जे गेलं ते काही फार मोठं नसेल. तुमचा छंद होता, तुमच्याबरोबर गेला. कुणाच्या बाहुल्या असतात, कुणाची पोस्टाची तिकिटं.

मग पावसाळ्याच्या तोंडाशी तुमचा फोन वाजला. गजर नव्हता, खरा फोन होता. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतल्या मॅडम, ज्यांच्याकडे तुम्ही हिवाळ्यात एक छोटी कुपी पाठवली होती. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत त्यांनी हिंदीत अभिनंदनच सुरू केलं! मला त्यांना मधेच थांबवून सांगावं लागलं. “अय्यो,” म्हणाल्या. मग हळू आवाजात त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कुपी पोचली तोवर आतले जीव मेले होते. पण मेलेल्यांच्या जनुकांची रचना त्यांनी वाचून काढली. ओळखीच्या कुठल्याच जीवाशी ती नीट जुळत नाही. मँगनीज नुसतं चाटणारा नाही, त्यावर घर चालवणारा जीव असावा, तुम्ही म्हणत होता तस्साच. असे जगात फारच थोडे माहीत आहेत. मंगळावर काय शोधायचं, हे ठरवणाऱ्या लोकांना असाच जीव बघायचा आहे.

“पण नुसत्या वाचलेल्या रचनेवर कोणी विश्वास ठेवणार नाही,” त्या म्हणाल्या. “आम्हाला तो जिवंत पाहिजे. तुमच्या घरी बाटली असेल ना एखादी?”

बघा, त्याचीही नुसती पत्रिकाच बघितली गेली, आणि स्थळ अडलं.

आता मला थोडं रागवू द्या. विरजण शेजारी देऊन ठेवतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं? आपलं नासलं तर वाटी घेऊन जायला एक दार असावं लागतं! एक बाटली कॉलेजातल्या कुणाकडे द्यायची. एक माझ्या माहेरी ठेवली असती, आईनं लोणच्याच्या बरणीशेजारी सांभाळली असती. पण नाही. “अजून शुद्ध झालं नाही, मंदा, अशुद्ध कसं देऊ?” काय केलंत त्या शुद्धतेचं? शुद्ध करणारी दुसरीच आली आणि तिनं तासाभरात सगळं शुद्ध केलं.

मी आणि अरुण खाणीवर गेलो. एकदा तुमच्यावर छत्री धरायला आले होते म्हणून जागा माहीत होती: पश्चिमेची दरड, जिथून पाणी झिरपतं आणि दगडांवर काळी साय धरते. ताई, ती दरड आता नाही. म्हणजे असेल, पण तिच्यावर गावाचा कचरा टाकतात. प्लॅस्टिक, कोंबड्यांची पिसं, फुटकी कमोडं. अरुण, जो तुमच्या बाटल्यांना कधी बोट लावायचा नाही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या घाणीत उतरला. हातानं उपसत होता. वर यायला सांगितलं तर ऐकेना. “इथंच होतं न? इथंच होतं न?” एवढंच म्हणत होता. माझा नवरा रडताना मी तेव्हा बघितला. तुम्हाला अग्नी देताना तो रडला नव्हता.

जिथे जिथे काळं दिसलं, तिथलं घेऊन आलो. हैदराबादच्या मॅडमनी भुकटी पाठवली, फोनवरून सगळं शिकवलं. त्याच बाटल्या, त्याच कोठीमागे. एक उकळलेली, बाकीच्या न उकळलेल्या. गजर झाला की मी उठायची आणि एकेक हलवायची. झोपेचं खोबरं झालं, ताई, पण इतकं इमानेइतबारे मी आयुष्यात काही केलं नसेल. मॅडम म्हणाल्या होत्या, दिवाळीपर्यंत थांबा. दिवाळी झाली. मी म्हटलं, अजून थोडं. आज थंडी चांगली पडलीय. सकाळी सगळ्या बाटल्या खिडकीत नेऊन उजेडाकडे धरल्या, तुम्ही धरायचात तशा.

सगळ्या पांढऱ्या. उकळलेली कोणती आणि न उकळलेल्या कोणत्या, चिठ्ठी वाचल्याशिवाय ओळखू येत नव्हतं.

मॅडमना कळवलं. “पुन्हा बघू,” त्या म्हणाल्या. चांगल्या आहेत. पण आवाजावरून कळतं.

म्हणजे असं झालं असेल का हो, की तो जीव फक्त त्याच दरडीत होता, मग फक्त आपल्याच घरात होता, आणि मग नव्हताच? इकडे माणसं कोट्यवधी कोसांवर यंत्रं पाठवतात, कुणी आहे का म्हणून. आणि इथे एक होता, कोठीमागे, आमच्या तांदळांच्या शेजारी. आम्ही त्याला राखेनं घासून काढला. तेही वैर म्हणून नाही. तुमच्यावरच्या मायेनं.

काकू सध्या इथेच आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सकाळी मी खिडकीत उभी, तर मागून आल्या.

“हे दूध होय का व?”

“नाही काकू. ताईंचं काम होतं. बघत होते.”

मग त्या नव्या डोळ्यांनी बाटल्यांकडे बघत म्हणाल्या, “मंदे, खरं सांग. तवा मी जे फेकलं, ते काही कामाचं होतं काय? माह्या मनात येऊन राह्यलं. मी काही वाईट तं नाही केलं पोरीचं?”

ताई, माझ्या जिभेचं तुम्हाला माहीत आहे. ती नको तिथे चालते, हवी तिथेही चालते. आज मी तिला धरून ठेवलं. “रंगाचं पाणी होतं काकू,” म्हटलं. “शिळं झालं होतं. तुम्ही धुतलं नसतं तर मलाच धुवावं लागलं असतं.”

“मंग बरं,” त्या म्हणाल्या, आणि पलंगावर जाऊन बसल्या.

मी कपाट उघडलं. पहिल्या दिवसापासून ज्या बाईनं घर सावरलं, तिला तेराव्याला लुगडं देऊन पाठवायचं, ही तुमच्या घरची रीत. तेव्हा माझा हातच पुढे झाला नव्हता. हिरवं, बारीक काठाचं काढलं आणि हळदकुंकू लावून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“अवं, आता काऊन?”

“राहिलं होतं.”

त्यांनी ते उलगडलं नाही. नुसता हात फिरवत बसल्या. हात आता स्वच्छ आहेत, नखांच्या कडासुद्धा.

ताई, त्यांना हे माझ्याकडून कधी कळणार नाही, हे वचन. पावसाचं पाणी ओसरलंय, खाणीत उतरता येईल. अरुणनं फावडं आणून ठेवलंय. तिथे काही सापडेल असं मी म्हणत नाही. पण उकळलेली बाटली सोडून बाकीच्या मी हलवत राहीन.

तुमची,
मंदा