लिंबाखालची बाज

१८ मे
पुन्हा तेच! विद्यापीठाच्या जमिनीवरचं ते जुनं घर पाडून तिथं परीक्षा भवन बांधायचं म्हणतात. नंदीश इथला इंजिनियर, मी इतिहासाची कंत्राटी मास्तरीण. तो बोलला की हिशेब, मी बोलले की भावना. घराच्या इतिहासाचा अहवाल मागितलाय ना, मग देते असा की नाव काढणार नाहीत पाडण्याचं.

२१ मे
उन्हात जाऊन आले. काळ्या दगडाचं तीन खणांचं घर, वर मातीचं माळवद. कोनाड्यात कोपरापर्यंत हात जातो. उजेडासाठी छताला सवण्याचं भोक ठेवलंय, त्यातून ऊन पडतं तेवढंच, बाकी घर गार. इथं राहणाऱ्या आण्णांच्या आज्यानं मेंढरं विकून बांधलं. जमीन विद्यापीठात गेली, आण्णा आणि त्यांची बायको कस्तुराबाई राखणदार म्हणून राहिले.
झोपतात मात्र बाहेर, लिंबाखाली बाज टाकून. पावसात शेळ्यांच्या पत्र्याखाली. का, तर कस्तुराबाई म्हणाल्या, "तुळई कुरकुरतीया."
जुनं लाकूड कुरकुरणारच, म्हटलं.

५ जून
मृगाआधी माळवदावर पांढरी माती चढवायचा यांचा रिवाज. मीही दोन पाट्या नेल्या, कंबरडं मोडलं. जुनी माती आधी खरवडून काढत नाहीत? आण्णा रागावलेच — "आज्याची, बापाची माती उकिरड्यावर टाकायची व्हय?"
म्हणजे तीन पिढ्यांचे थर डोक्यावर! मला भरून आलं. अहवालात लिहिलं, हे थर म्हणजेच घराचा इतिहास, एकालाही हात लावू नये. नंदीशने वाचून विचारलं, "आणि वजन कोण पेलणार, मॅडम?" रुक्ष माणूस.

१९ ऑगस्ट
उद्या समिती घर बघायला येणार. बाहेर बाज दिसली की नंदीशला आयतंच सापडेल — राहणारेच आत झोपत नाहीत, म्हणजे घर धोक्याचं! आण्णांना म्हटलं, बाज आत घ्या, काही होत नाही. ते तुळईकडे बघत राहिले. "तुमी म्हनता तर घेतो की. म्हातारीला सांगू नगा, भांडंल." कस्तुराबाई नातेपुत्याला लेकीकडे गेल्यात. बाजेचं एक टोक मीच धरलं.

२० ऑगस्ट
जिंकले! अध्यक्ष त्या बाजेवर बसून चहा प्याले. घर राहणार. आण्णांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला.

७ सप्टेंबर
बाज आतच आहे, आण्णा तिच्यावरच झोपतात. कस्तुराबाई परत आल्यात, त्या मात्र पत्र्याखालीच. आण्णांनी विचारलं, काढू का बाहेर? मंजुरीचं पत्र अजून यायचंय, नंदीश केव्हाही फेरी मारेल. राहू द्या, म्हटलं.

२४ सप्टेंबर
पाऊस थांबत नाही. वर्गात चार पोरं.

२६ सप्टेंबर
पहाटे तुळई मोडली. दीड हात माती, चिंब भिजलेली. आण्णा खाली.
कस्तुराबाई पत्र्याखाली होत्या, शेळ्यांजवळ.

२७ सप्टेंबर
काल पुढं लिहवेना. छताच्या तुटक्या कडेला थर स्वच्छ दिसतात. मळकट, राखाडी, सगळ्यात वर यंदाचा पांढरा. त्यात माझ्या दोन पाट्या. मला त्या मातीची किळस आली, आणि माझीही.

३० सप्टेंबर
नंदीश माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० ऑक्टोबर
कस्तुराबाई भेटायला आल्या. आता नातेपुत्यालाच राहणार. म्हणाल्या, "तुमीच एक आमच्या बाजूनं हुब्या ऱ्हायला, बाई." जाताना दारात थांबल्या. "जलमभर त्या तुळईला भ्याला त्यो. यंदाच कसा आत झोपाया लागला? इचारलं तर नुसता हसायचा. तुमाला काय बोलला व्हता का?"
मी म्हटलं, नाही.