हवा सोडली की सुटली

काकाजी,

तुम्हाला पोहता येत नव्हतं, हे मला यंदा दिवाळीच्या तोंडावर कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी पन्नाशी ओलांडली, तेव्हा कुठे. मला ज्यांनी विहिरीत पोहायला शिकवलं, माझ्याआधी आणि माझ्यानंतर वस्तीतल्या कितीतरी पोरींना शिकवलं, त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, हे वाक्य मी चार दिवस मनात घोळवते आहे. पेपरात असते तर याचा मथळा झाला असता. पण मथळ्याखाली काय लिहायचं ते मला कळत नाही, म्हणून तुम्हालाच विचारायला बसले आहे.

तुमचं सायकलचं दुकान फाट्यावर होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनपत्रे, एक पंप आणि पाण्याने भरलेलं घमेलं. मालेगावहून येणारी एसटी थांबली की तिची धूळ त्या घमेल्यात बसायची आणि तुम्ही ती तळहाताने बाजूला सारून पुन्हा ट्यूब पाण्यात दाबायचे. बुडबुडा निघाला की तिथे बोट. मी शाळेतून येताना थांबून बघत असे. तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "पाह्य, पानी कधी खोटं बोलत नाई. जिथून हवा जाते तिथंच दाखवते." मला वाटायचं, पाण्याबद्दल एवढं ठाऊक असलेला माणूस पाण्यातच वाढला असणार. आज कळतं की तुमची पाण्याशी ओळख त्या घमेल्याएवढीच होती.

आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, म्हणून तुमचा क्लास दिवाळीच्या सुट्टीत. वस्तीच्या कडेची पायऱ्यांची विहीर, नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी पीत नव्हतं. पोरांना शिकवावं लागत नसे, ती उड्या मारून, नाकातोंडात पाणी जाऊन आपोआप शिकत. पोरींना मात्र कोणी पायरीच्या खाली उतरू देत नसे. तुम्ही पोरींचाच क्लास काढला. गाव त्याला 'पंचरवाल्याचा क्लास' म्हणे. अट एकच, घरातलं कोणीतरी बाईमाणूस पायरीवर बसलं पाहिजे. त्यामुळे दुपारी दोन वाजता विहिरीवर आयांचीच सभा भरे. माझी आई सूप घेऊन येई, ज्वारी निवडत बसे आणि तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोले.

"पोरीले पान्यात उतरवून काय करतं, बालिस्टर करतं का?"

"बालिस्टर बुडत नाई का वयनी?" तुम्ही म्हणायचे.

तुमची पद्धत मी नंतर कुठेच पाहिली नाही. लोक पाठीला पत्र्याचा डबा बांधतात, वाळलेला भोपळा बांधतात. तुमच्याकडे स्कूटरची जुनी ट्यूब होती, पाच-सहा ठिकाणी ठिगळं लावलेली. ती छातीभोवती अडकवायची. पहिल्या दिवशी पूर्ण भरलेली. दुसऱ्या दिवशी दोन पंप कमी. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. "तू म्हंजे बी एक ट्यूबच होय. तुह्या छातीत हवा हाय ना? मंग बुडशीन कशी?" कमरेला दोर, दोराचं टोक तुमच्या हातात, आणि तुम्ही कोरड्या पायरीवर उकिडवे. खाली उतरून तुम्ही कधी हात धरून दाखवलं नाही. आम्हाला ते शिस्तीचं लक्षण वाटलं. मास्तर फळ्याजवळ उभे राहतात, तसे तुम्ही कोरड्या पायरीवर.

चौथीत होते मी. पाचव्या दिवशी तुम्ही दोर काढला. म्हणाले, "आता तुले लागत नाई." सहाव्या दिवशी मी विहिरीच्या मधोमध होते आणि छातीभोवतीचा दाब एकदम गेला. फुस्स असा आवाज आला की मी तो नंतर जोडला, सांगता येत नाही. ट्यूब ओल्या फडक्यासारखी गळ्याशी आली. मी खाली गेले, हिरवं दिसलं, मग कानात तुमचा आवाज, "पाय मार! पाय मार वो पोरी!" मी पाय मारले. हात कुठे गेले ते आठवत नाही. पायरीचा दगड हाताला लागला तेव्हा वर पाहिलं, तर तुम्ही माझ्याशेजारी पाण्यात होते. सदरा, पायजमा, सगळ्यासकट छातीपर्यंत. एका हाताने वरची पायरी घट्ट धरलेली, दुसरा हात माझ्याकडे. आईचं सूप उपडं झालं होतं. ती वरून ओरडली, "मुद्दाम सोडली का हवा?" आणि तुम्ही म्हणाले, "हं."

एवढंच. त्या 'हं'वर मी चाळीस वर्षं काढली.

तुम्ही हवा मुद्दाम सोडली, हे माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं कौतुक होतं. माझ्यावर एवढा विश्वास तोवर कोणी टाकला नव्हता. पुढे अकोल्याला पेपरात लागले, रोज संध्याकाळी सातच्या आत मजकूर द्यायचा, तिथे मी ही गोष्ट कितीदा सांगितली याला गणती नाही. एकदा रविवारच्या पुरवणीत लिहिलीही. 'शिकवणाऱ्याने एक दिवस हवा सोडली पाहिजे', असं शेवटचं वाक्य होतं, लोकांना ते फार आवडलं. आणि मी नुसतं लिहून थांबले नाही. नवी येणारी मुलं-मुली मी तशीच शिकवली. एका मुलीला तिसऱ्याच दिवशी एका अपघाताच्या बातमीला एकटीला पाठवलं. तिने संध्याकाळी फोन केला, म्हणाली, मॅडम, इथे बायका रडताहेत, मी काय विचारू? मी म्हणाले, आता तुझी तू पोह. तिने बातमी आणली, वेळेत आणली, चांगली होती. आठवड्याने तिने काम सोडलं. मी म्हणाले, सगळ्यांनाच पोहता येतं असं नाही.

आता गावी येऊन राहिले आहे. वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी शेजाऱ्यांचा क्लास चालतो, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. ग्रामपंचायतीतला ऑपरेटर मोबाईलवर फॉर्म भरायला शिकवतो, समोरची नर्स ताप कसा मोजायचा ते, एक मावशी ब्लाउज बेतायला. मी अर्ज लिहायला शिकवत होते. एका रविवारी एक बाई थांबली. तिच्या शेजारच्या शेतात शेततळं झालंय, आतून काळं प्लास्टिक, पाय घसरला की हाताला धरायला काही नाही. तिची मुलगी नऊ वर्षांची, रोज त्याच्याच बांधावरून शाळेत जाते.

"तुमाले पोहता येते म्हने, ताई. माह्या पोरीले शिकवून द्या."

"शिकवते," मी म्हणाले.

"पंचरवाल्या बाबानं शिकोलं होतं म्हने तुमाले. तसंच शिकवा. ते हवा सोडाचं." तिने माझा लेख वाचला नव्हता, गावानेच तो तोंडी पुढे नेला होता.

तुमची तीच विहीर, यंदा पाणी बरं आहे. स्कूटरची ट्यूब शोधून आणली. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी आणखी दोन पंप कमी केले आणि माझा हात ट्यूबच्या वालवर, हवेच्या तोटीवर, थांबला. सहाव्या दिवशी मी काय करणार होते? त्या बाईने पायरीवर बसून तिची एकुलती एक मुलगी माझ्या भरवशावर पाण्यात सोडली होती. मला तुम्हाला विचारायचं होतं, नेमकं कधी सोडायची, आधी सांगायचं की नाही, किती खोल पाण्यात. तुम्ही नव्हते, म्हणून सकाळच्या एसटीने मंगरूळपीरला काकूंकडे गेले. त्या आता लेकीकडे असतात.

"जयभीम काकू."

"जयभीम. कोन? पेपरवाली ना वो तू? आता काहून आली, मी काय इलेक्शनले उभी हाय का?"

बसले. चहा झाला. सहज सुरुवात करावी म्हणून विचारलं, काकाजी स्वतः कुठे शिकले पोहायला?

"कोन, हे? अवो माय!" काकूंना हसू आवरेना, लेक आतून बघायला आली. "त्यायले कुठं पोहता येत होतं? बैलगाडी नाल्यात उतरली की हे पाय वर घेऊन बसत. घुडगाभर पान्याचा भेव त्यायले."

"मग आम्हाला शिकवलं कसं?"

"तू पेपरात कापसावर लिवत होती ना? येचलं का कधी एक बोंड तरी?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग?" काकू म्हणाल्या.

क्लास काढला तरी कशासाठी, हेही विचारलं. काकूंनी त्या वेळी तुम्हाला विचारलं होतं म्हणे, तर तुम्ही म्हणाले, "ट्यूब पडूनच हाय, कामी येते." यावर माझा विश्वास नाही. पण दुसरं उत्तर कोणापाशी नाही. तुम्हाला भीती वाटायची म्हणून का? की आमच्यातली एखादी पोर सायकलच्या दुकानासमोर उभी राहून पोरांच्या उड्यांचा आवाज ऐकत असे, ते तुम्ही मान वर न करता पाहिलं होतं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे, काकाजी.

मग मी सहाव्या दिवसाचं विचारलं. काकूंना तो दिवस आठवत होता, कारण तुम्ही ओले घरी आले होते.

"म्या म्हनलं, काय झालं, पडले काय हिरीत? त्यायनं घमेलं घेतलं, ते ट्यूब पान्यात दाबली अन् पाहत बसले. तीन डाव पाह्यलं. एक बुडबुडा नाई. मंग वाल पाह्यला. म्हने, इथंच ढिला राह्यला, माह्याच हातानं. जेवले नाई त्या दिवशी. भाकर तशीच राह्यली टोपल्यात."

म्हणजे सोडली नव्हती. सुटली होती.

जन्मभर मी शब्द तपासायचं काम केलं. 'दगड पडला' की 'दगड पाडला', 'आग लागली' की 'आग लावली', यावरून मी रिपोर्टरांच्या बातम्या परत पाठवल्या आहेत. एका शब्दात माणूस येतो, दुसऱ्यात तो नाहीसा होतो. आणि माझ्याच गोष्टीतलं क्रियापद मी एकदाही तपासलं नाही. परतीच्या एसटीत मला ती मुलगी आठवत राहिली, अपघाताच्या जागेवरून फोन करणारी. तिच्या बाबतीत हवा सुटली नव्हती. मी सोडली होती, आणि मी तर पायरीवरसुद्धा नव्हते.

आणि तुम्ही. ज्याला गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा नव्हता तो माणूस छातीभर पाण्यात उभा होता. मी इतकी वर्षं समजत होते, तुम्ही शाबासकी द्यायला उतरले. तुम्ही मला काढायला उतरले होते, आणि मी बुडाले असते तर तुम्हीही बुडाले असते, आईच्या डोळ्यांदेखत. पुढच्या वर्षी तुम्ही कोणत्याच पोरीचा दोर शेवटपर्यंत काढला नाही, ते मी पायरीवर बसून पाहिलं होतं. मला वाटलं, या पोरी माझ्याइतक्या हुशार नाहीत.

'हं' का म्हणाले, हा प्रश्न उरतोच. चूक झाकली म्हणावं, तर तुमच्या दुकानात मी तुम्हाला गिऱ्हाइकाला "मागचं ठिगळ माह्यंच कच्चं होतं" असं सांगताना ऐकलं आहे. मला वाटतं, मी पायरीला धरून वर बघत होते आणि माझ्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. तुम्ही खरं सांगितलं असतं तर माझं पोहणं अपघात ठरलं असतं. पण हा माझा अंदाज. बातमीत मी तो छापू दिला नसता.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईला सगळं सांगितलं, तुम्हाला पोहता येत नव्हतं इथपासून. तिने ट्यूब उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "मंग तुमी काय करसान?" मी म्हणाले, दोर शेवटपर्यंत राहील, आणि हवा मी काढणार नाही. वाल कसा दाबायचा ते मी मुलीला दाखवलं. तिला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढी, तिने काढायची. पोरगी बिलंदर. दोन दिवस नुसतीच वालवर बोट ठेवून माझ्याकडे बघून हसायची. आई वरून म्हणे, "काढ ना वो, हवा हाय का सोनं?" काल दुपारी विहिरीच्या मधे जाऊन तिने वाल दाबला आणि दाबूनच धरला. सगळी हवा जाऊ दिली, ट्यूब डोक्यावरून काढली आणि बाजूला फेकली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहते, ती कोणालाच सांगितलेली नाही. काल तिची आई, शेजारच्या दोघी, सगळ्या मला विचारत होत्या, कशी पोहली, कशी पोहली. मी म्हणाले, मान वर, पाय सरळ, काय सुंदर पोहली. काकाजी, मी पाहिलंच नाही. कमरेइतक्या पाण्यात उभी होते, दोर दोन्ही हातांत होता, आणि ती पायरीला येऊन माझ्या हाताला लागेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते.