कालिंदीचा मिक्सर

३ मे १९८६
मीटर उलटा फिरतोय! शेजारच्या कालिंदीनं हात धरून नेऊन दाखवला. खरंच, चकती मागं मागं चाललीय. तिचे यजमान वसंतराव पॉलिटेक्निकात मास्तर. त्यांनी घरावर पवनचक्की बसवलीय आणि भिंतीला एक पेटी — कन्व्हर्टर. "वारं सुटलं की आम्हीच बोर्डाला वीज देतो, वहिनी!" म्हणते. आली मोठी देणारी! आणि मी बोर्डाच्या वायरमनची बायको, मी बिल भरते.

५ मे
हे ड्यूटीवरनं आले की सायकल लावायची न् थेट वसंतरावांकडं. चहा तिथंच. कालिंदीच्या हातचा! जेवताना पण तेच पुराण. "पवनचक्कीची वीज म्हंजे वाऱ्यागत, कवा जोरात, कवा मंद. ती पेटी तिला बोर्डाच्या विजेच्या तालावर आणती, मगच तारंत सोडती. डोकं हाय की मास्तरांना!"
म्हटलं, लाइट गेली तर?
"तर पेटी आपसूक बंद पडाय पायजे. न्हायतर तिची वीज उलटी तारंत यायची, न् खांबावरचा माणूस खल्लास!"
भाकरी करपली. करपू दे.

९ मे
कालिंदीनं मिक्सर घेतला. बिल वाचलं म्हणून! मी विचारलं नव्हतं.

१४ मे
दुपारी लाइट गेली. आमचा पंखा थांबला. आणि पलीकडं मिक्सर घर्रर्र! खांब एकच, पण त्यांची तार वेगळी, आमची वेगळी. म्हटलं त्यांची लाइट असेल. बाहेर येऊन विचारलं तर साऱ्या वस्तीचीच गेलेली. म्हणजे पेटी बंद पडलीच नाही. लोक घामानं निथळतायत आणि महाराणीची कांदा-लसणाची चटणी चाललीय! मी पाट्यावर वरवंटा ओढतेय. बोटं नुसती भगभगतायत.
ह्यांना सांगणार न्हाय. सांगितलं की पळतील तिकडंच, पेटी बघायला. परत चहा, परत कौतुक. जळो ती पेटी!

१५ मे
आज पण न्हाय सांगितलं.

२१ मे
लिहिल्याशिवाय राहवत नाही.
सकाळी आमच्याच खांबाचं काम निघालं. ह्यांनी ट्रान्सफॉर्मरवरनं लाइन बंद केली, घरात येऊन बटण दाबून बघितलं. आमच्या तारेवरचा दिवा लागला नाही. "गेली लाइन," म्हणाले, पाणी प्याले आणि शिडी घेऊन गेले. वारं सुटलं होतं. पलीकडं मिक्सर सुरू झाला.
मी उठले. सांगायलाच उठले. उंबऱ्यापर्यंत गेले. मिक्सर थांबवून कालिंदी दारात आली, वर बघून म्हणाली, "भावजी, उतरलात की चहाला या हं!" हे शिडीवरनं हसले. कसं छान हसले!
मी आत आले. म्हटलं, ह्यांना पेटीचं ठाऊक असेलच की, त्याच घरात तर पडलेले असतात. मिक्सर परत सुरू झाला. मग बाहेर ओरडा झाला.

२४ मे
ह्यांचा जीव वाचला. उजवा हात कोपरापासून कापला.
वसंतराव बोर्डाच्या साहेबांपुढं सारखं एकच म्हणत होते — "चूक माझी. पेटी बंद पडायलाच पाहिजे होती." पवनचक्की उतरवली त्यांनी.

१५ जून
हे घरी आले. संध्याकाळी कालिंदी मिक्सर घेऊन आली, रडून डोळे सुजलेले. "तुम्हीच वापरा, वहिनी. मला बघवत नाही." ठेवला आणि गेली.
हे खाटेवरनं म्हणाले, "लाव बघू." लावला. डोळे मिटून ऐकत राहिले.
"त्या दिशी हे चालू हुतं म्हणं. तुला आवाज न्हवता का गं आला?"
न्हाय, म्हटलं.