भुऱ्याची वाटी

अर्जुनी मोरगाव,
१२ मार्च १९५४

प्रिय ताईस, तुझ्या हट्टी भावाचा नमस्कार.

लाकूड डेपोतली नोकरी बरी चालली आहे. आईचा खोकला कसा आहे? कौसल्येचं लग्न दुसऱ्याशी झालं अन् मी कॉलेज सोडून इथे आलो, तेव्हा भुऱ्या कुत्र्यानंच मला माणसांत आणलं. पायाला कुऱ्हाड लागली, ती जखमही त्यानं चाटून बरी केली. इथे हेच औषध मानतात.

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

भुऱ्याला पिसाळलेला कोल्हा चावला होता, हे आता कळलं. शेजारचा रेवाराम म्हणाला, "बाबू, मारून टाकू त्याले." मी त्याची काठीच मोडली. डॉक्टर म्हणतात, जखम शेवटची चाटल्यापासून दहा दिवस कुत्रा धड राहिला तर तुम्हाला भीती नाही.

आज आठवा दिवस. सकाळपासून पाण्याची वाटी त्याच्यासमोर तशीच भरलेली आहे, अन् भुऱ्या नुसता माझ्याकडे बघून राहिला आहे.

तुझा,
गोवर्धन