किल्ल्यांचा जुडगा

प्रिय ओडेल,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच टाकशील या धास्तीने मागे तुझ्या बहिणीचं नाव घातलंय. नेडीनला विचारूनच घातलं. ती म्हणाली, “घाल बाबा, तुला स्वतःचं नाव पुढे करायची सवय कुठे आहे?” नेडीनची जीभ तुला ठाऊकच आहे.

गावात सांगण्यासारखं काही उरलं नाही. आपल्या बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्याच्या आवारात एरंडासारखं रान माजलंय. लोरीनच्या खाणावळीत अजून गुरुवारी घेवडा आणि मक्याचा पाव मिळतो, पण आपल्या टेबलावर मी आणि वर्मन, दोघंच. माझे गुडघे गेले. रात्री दार लावलं की नाही हे तीनदा उठून बघतो. चोरण्यासारखं घरात काय आहे म्हणून नातही हसते.

मी वॉशिंग्टनला जाऊन आलो, हे तुला तिकडे चीनमध्ये, डोंगग्वानला कळलं असेलच. आपल्या खासदाराने एक कायदा मांडलाय. तिकडचं सरकार आपलं चलन मुद्दाम स्वस्त ठेवतं, म्हणून त्यांचा माल इथे मातीमोल पडतो आणि आपली लाकूड वाळवायची भट्टी विझते. तेव्हा चलनाचा भाव कोण ठरवतं, कसा ठरवतं, ते त्यांनी दर सहा महिन्यांनी उघड करावं, असं काहीसं. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला याहून जास्त काय कळणार? खासदाराची मदतनीस मुलगी मोटारीत मला पढवत होती. “मिस्टर टॉली, आकड्यांचं आम्ही बघू. तुम्ही फक्त तुमच्या हातांबद्दल बोला.” मी म्हटलं, पोरी, हातांबद्दल बोलायला बत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “वा! हेच म्हणा तिथे.”

पण ते खोटं होतं. एकदा विचारलं होतं कोणीतरी. तेही तुला सांगतो.

सुनावणीच्या दालनात त्यांनी खणांची दोन कपाटं मांडली होती. एक आपल्या कारखान्यातलं, एक तिकडचं. खासदार म्हणाला, “हा माणूस कोऱ्या लाकडाला किल्ल्यांनी मार देऊन शंभर वर्षांचं जुनं दाखवायचा. टॉली, तुमच्या हातचं कपाट दाखवा बरं.” समोर एवढी मंडळी, कॅमेरे. मी उठलो, दोन्हींवरून बोटं फिरवली आणि ओळखलं. खणाच्या कडेला दोन खोल घाव, मग मनगट वळवून एक उथळ, सगळे डावीकडे कललेले. डावखुऱ्याचे. म्हणजे माझेच. मी त्यावर पंजा ठेवला. दालनात कुजबुज झाली. मदतनीस मुलीचा चेहरा पांढराफटक. ते तिकडचं होतं, ओडेल. शेजारचं आपलं होतं, पण माझी पाठ धरली होती त्या हिवाळ्यातलं, दुसऱ्याच कोणाच्या हातचं.

खासदार मोठा हुशार. लगेच वळून म्हणाला, “बघा मंडळी, कारागिराचा हातसुद्धा चोरला यांनी!” टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे वाकून त्याने विचारलं, “यांना हे शिकवलं कोणी?”

आणि मी तुझं नाव सांगितलं.

तुला आठवतं, कारखाना बंद पडायच्या दोन वर्षं आधी तिकडून सहा पाहुणे आले होते? साहेब म्हणाले होते, गिऱ्हाईक आहेत, दाखव सगळं. तू तेव्हा बायकोला, रुबीला घेऊन इस्पितळात होतास. चार दिवस ते माझ्याभोवती उभे होते. वह्या काढून लिहीत होते. सगळे उजव्या हाताचे, तरी डाव्या हातात किल्ल्या घेऊन घाव घालायला शिकले, कारण मी तसं करायचो! मला हसू आवरेना. मी एकाचा हात धरून सांगितलं, अरे, उजव्यानेही चालतं. दुभाष्याने सांगितलं, ते म्हणतात, मास्तरांनी केलं तसंच करायचं. मास्तर! ओडेल, मला आयुष्यात त्या शब्दाने कोणी हाक मारली नव्हती. शेवटच्या दिवशी त्यांनी वाकून मला चहाचा डबा दिला. मी काय दिलं असेल? माझा सात किल्ल्यांचा जुडगा. तारेसकट. घरी ‘हरवला’ म्हणून सांगितलं.

पुढे कारखाना बंद झाला, रुबीच्या औषधांसाठी तू तिकडची नोकरी धरलीस, आणि गावाने ठरवून टाकलं की विद्या तूच विकलीस. लोरीनकडे सगळे तुला शिव्या घालायचे, तेव्हा मी कॉफी ढवळत बसायचो. कधीकधी त्यांच्यापेक्षा मोठ्याने शिव्या घातल्या. तुझा निरोप घ्यायलाही आलो नाही. त्या डब्यात मी स्क्रू ठेवतो. आजही झाकण उघडलं की चहाचा वास येतो.

टीव्हीवर ते दाखवल्यापासून नेडीनच्या फाटकावर कोणीतरी घाण शब्द रंगवून गेलंय. मी जाऊन पुसला, तर वर्मन म्हणतो, “तू कशाला राबतोस? त्या फितुराची बहीण ती!”

नेडीनने सांगितलं की ऑक्टोबरमध्ये तू कायमचा परत येतोयस, रुबीजवळ राहायचं म्हणतोस. त्यासाठीच हे लिहायला बसलो. सुनावणीतलं माझं बोलणं छापून, चुका दुरुस्त करायला त्यांनी घरी पाठवलं होतं. मी तुझ्या नावावर काट मारली, वर माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. पंधरा दिवसांनी कागद परत आला. सोबत चिठ्ठी, की फक्त टंकलेखनाच्या चुका दुरुस्त होतात, साक्ष बदलता येत नाही. म्हणजे परक्या सरकारने सगळं उघड करावं असा कायदा करणाऱ्यांच्या दप्तरात तूच चोर राहणार. तो काट मारलेला कागद सोबत ठेवलाय. चर्चमध्ये उभा राहून वाचून दाखवीन असं सहा रविवार ठरवलं; उठताना गुडघ्यांचं निमित्त होतं. तू आलास की तूच वाच. मी तिसऱ्या बाकावर असेन. लोक माझ्याकडे वळून बघतील तेव्हा मान खाली घालणार नाही, एवढंच वचन देतो. त्याच्यावरही तू विश्वास ठेवावास असं मी काही केलेलं नाही.

तुझाच म्हणवण्याची लाज वाटणारा,
व्हर्लिन