बहिणीच्या दवाखान्यातलं कुलूप

कुलपाचा शेवटचा स्क्रू काढला तरी बिघाड सापडेना. स्प्रिंग चांगली, किल्ली फिरते, गंज नाही. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. बिघाड नसलेली वस्तू हातात आली की मला सुचेनासं होतं. म्हणून सगळं पुसलं, तेल घातलं, कुलूप औषधांच्या कपाटाला पुन्हा घट्ट लावलं, किल्ली दवाखान्याच्या दाराखालून आत सरकवली आणि घरी आलो. चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा कळलं की मी गाढव आहे.

मामा, आधी तुझी विचारपूस करायची ती राहिलीच. गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत मामी तुला बाहेर सोडते का? इकडे सगळे देवाच्या कृपेने बरे आहेत. डुक्करही बरं आहे (त्याचं पुढे येईल).

गोष्ट लेसिएलीची. पलीकडच्या गावात पाव भाजते ती. नवरा जहाजावर होता. येताना आजार घेऊन आला आणि सांगितलं नाही. औषधाने ती बरी झाली, तो पुढे बुडून गेला. मी बायको गेल्यापासून एकटा, ती एकटी. तिच्या ओट्यावर बसून मी इतके पाव खाल्ले की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शेवटी तिनेच विषय काढला. म्हणाली, "आत यायचं तर रक्त तपासून ये आणि निरोध घेऊन ये. नाहीतर ओटा आहेच." मी म्हटलं, तूच आण ना. "पाव मी भाजायचा, चटई मी विणायची, आता हेही मीच आणायचं? जो हे मागायला लाजतो तो उद्या दुखणंही लपवेल, सायमोने. एक लपवणारा पाहिलाय मी. दुसरा नको."

बरोबरच होतं तिचं. पण बेटावर दवाखाना एक, नर्स एक, आणि ती नर्स म्हणजे आपली लुपे. तू इतकी वर्षं तिकडे आहेस, विसरला असशील: टीव्हीवर कुणी कुणाचा मुका घेतला तरी मी आणि लुपे दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतो. बहिणीसमोर तो शब्द उच्चारण्यापेक्षा शार्कच्या तोंडात हात घालणं सोपं. दुसऱ्या कुणाला पाठवावं, तर बेटावरचा प्रत्येक पुरुष कुठल्या ना कुठल्या नात्याने तिचा भाऊच. मोठ्या बेटावरच्या इस्पितळात औषधाच्या खिडकीत मावशीची फिने बसते, तीही बहीण. उरले चर्चचे पाळक, ते परगावचे. त्यांच्याकडे गेलो, घसा साफ केला, आणि त्यांना रताळी देऊन परत आलो.

डोकं दुखतंय सांगून दवाखान्यात जाऊ लागलो. निरोध औषधांच्या कपाटात बंद, पण शेजारी भिंतीवर लावलेलं त्यांचं पत्रक तरी वाचता येई. त्यात लिहिलंय की एकट्याने जे करायचं ते सगळ्यात सुरक्षित. त्या हिशेबाने माझ्याइतका सुरक्षित माणूस या समुद्रात नसेल. गेल्या नाताळात तू विसरलेल्या पिशवीत एक निरोध सापडला, पण त्याची तारीख उलटलेली. लेसिएली म्हणाली, "तारीख उलटलेलं यीस्टसुद्धा मी पिठात घालत नाही." मग सरावाला घेतला. पत्रकात सांगितल्याप्रमाणे टोक चिमटीत धरून हिरव्या केळ्यावर चढवला. तिसऱ्या प्रयत्नात जमला, तेवढ्यात डुकराने केळं पळवलं. (दोन दिवस मी डुकराच्या मागे फिरत होतो. सगळं सुखरूप बाहेर आलं.)

लुपेने माझं डोकं पाहिलं नाही. खिडकीतून समुद्राकडे बघत म्हणाली, "दादा, डेंग्यूची साथ आहे. रक्त घेते." बोटीने रक्त गेलं, बोटीने कागद आला. पुन्हा समुद्राकडे बघत म्हणाली, "डेंग्यू नाही." मग कागदाची घडी घालत, "बाकीही काही नाही." मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, "मी गायनाच्या तालमीला चाललेय. कपाटाचं कुलूप बिघडलंय, तेवढं बघ. बराच वेळ येणार नाही मी."

आणि मी कुलूप बघितलं, मामा. फक्त कुलूप.

तुझा भाचा,
सायमोने

ता. क. पत्राचं खरं कारण हे. मामापाशी काहीही मागता येतं, म्हणून मागतो. एक खोका निरोध पाठव, तारीख बघून. वर इंजिनाचे स्पार्क प्लग ठेव. आत्या माझं प्रत्येक पार्सल उघडते आणि आवडेल ते उचलते. तो तिचा मानच आहे. प्लग तिला आवडत नाहीत.

ता. क. २. लेसिएली शनिवारपर्यंत थांबेल म्हणाली. तुझा खोका तोवर पोचत नाही, हे मलाही कळतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. आज सकाळी लुपेचा निरोप आला की कुलूप पुन्हा बिघडलंय. गेलो. ती नव्हती. कुलूप दगडाने ठेचलेलं होतं आणि दगड तिथेच ठेवलेला. या वेळी आधी कपाट उघडलं, मग कुलूप बदललं. खोका पाठवू नकोस. स्प्रिंग मात्र पार गेली होती.